लाल शाईतला खंड

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. वय झालं की माणसं निवळतात म्हणतात. मी काही निवळले नाही. गिरगावातल्या एका हेडमास्तरावर मी तीन वर्षं दात धरून होते. तो माणूस जाऊनही आता खूप वर्षं लोटली, तरी त्याचं नाव मी तोंडात घेत नाही.

माझी ताई त्याच्या शाळेत पाचवीला भूगोल शिकवायची. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि लग्न होऊन लालबागला गेली तेव्हा मलाही बरोबर घेऊन गेली. चाळीतल्या त्या दीड खोलीत भावोजी, त्यांची आई, ताई आणि मी. भावोजींची आई मालवणची, जिभेनं तिखट, पण मला कधी परकी म्हणाली नाही. ताईचं शिकवणं मी एकदा वर्गाच्या खिडकीतून पाहिलं होतं. पुस्तक न उघडता ती फळ्यावर नकाशा काढायची, आणि किनारपट्टी काढताना खडू एकदाही उचलायची नाही. मुलं श्वास रोखून बघत बसायची.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. फोर्टात गोळीबार झालेला, ट्राम बंद, बस बंद, गिरणगावच्या रस्त्यांवर दगडविटांचा खच. भावोजी नको म्हणत असताना ताई सकाळी शाळेला निघाली, आणि तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून मी बरोबर गेले. चिंचपोकळी मागे टाकली, भायखळ्यापर्यंत पोचलो. तिथं पोलिसांनी अडवलं. ताई म्हणाली, "माझी शाळा आहे हो, गिरगावात." शिपाई म्हणाला, "बाई, पुढं गोळ्या चालल्यात. पोरं आलीच नसतील, कुणाला शिकवता?" आम्ही परत फिरलो. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. चप्पल हातात घेऊन ती लालबागपर्यंत अनवाणी चालत आली.

रस्ते मोकळे होऊन ताई शाळेत गेली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, हेडमास्तर तिला म्हणाले, "लालबाग काय लंकेत आहे? मोर्च्याला चालत जाता येतं तुम्हाला, शाळेत येता येत नाही?" हे स्वतः शाळेमागच्या गल्लीत राहायचे. घरातून निघून खुर्चीत बसायला त्यांना पान लावण्याइतकाही वेळ लागत नसे. ताई चळवळीत नव्हती. मोर्च्याला जायची ती मी. पण ताईनं तेही सांगितलं नाही. त्यांनी तिचं सर्व्हिस बुक मागवलं आणि त्या तारखेपुढे लाल शाईनं लिहिलं, सेवेत खंड.

ज्यांनी नोकरी केली नाही त्यांना या दोन शब्दांचा अर्थ सांगायला हवा. ताई तात्पुरती शिक्षिका होती. सलग दोन वर्षं भरली की कायम व्हायची, आणि ती भरायला काही महिनेच उरले होते. रजा मंजूर नसताना एक दिवस गैरहजर राहिलं आणि हेडमास्तरनं खंड लावला, की आधीची सगळी सेवा पुसली जायची आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू व्हायची. आमच्या ओळखीच्या दुसऱ्या शाळांतल्या हेडमास्तरांनी त्या दिवसाची किरकोळ रजा लावून विषय मिटवला. यांनी खंड लावला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी पत्र पाठवून ताईला कमी केलं. पत्र वाचून ताईनं घडी घातली, डब्यात ठेवलं आणि भात टाकला. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की या माणसाची जिरवल्याशिवाय राहायचं नाही.

कशी जिरवायची हे मला माहीत नव्हतं. पण नशीब कधीकधी अगदी हातात आणून देतं. वर्षभरात मला नोकरी लागली, ती नेमकी त्याच शिक्षणसंस्थेच्या दादरच्या कचेरीत. ताईचं सासरचं आडनाव वेगळं, माझं वेगळं. आम्ही बहिणी आहोत हे तिथं कुणालाच कळलं नाही, आणि मीही कळू दिलं नाही. ताई म्हणाली, "कशाला तिथं जातेस गो, दुसरीकडे बघ." मी म्हटलं, "मला तिथंच जायचंय."

माझं काम असं. संस्थेच्या शाळा गिरगाव, दादर, परळ आणि डिलाईल रोडला. प्रत्येक हेडमास्तरच्या टेबलावर शिक्षकांच्या नोकरीच्या नियमांचं एक जाड पुस्तक असायचं. रजा, बढती, कायम करणं, कमी करणं, सगळं त्यात. त्यातच द्विभाषिक राज्य झालं. मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र, सगळ्यांचे नियम एकाच चुलीवर शिजायला लागले आणि सरकारी पत्रकांना अंत राहिला नाही. एक दुरुस्ती चिकटवून वाळते न वाळते, तोच तिची दुरुस्ती हजर. पत्रकं इंग्रजीत, सायक्लोस्टाइल केलेली. मी शाळेशाळेला जायची, पत्रकातला मजकूर कापून नियमाच्या पानावर खळीनं चिकटवायची, आणि रजिस्टरात हेडमास्तरची सही घ्यायची. सहीच्या रकान्यावर छापलेलं असे, 'वाचून समजून घेतले.' खरं म्हणजे वाचत कुणी नसे. मीच चिकटवण्याआधी मोठ्यानं वाचायची, मराठीत समजावून सांगायची, आणि मगच खळ लावायची. नियमात तेवढंच लिहिलं होतं की चिकटवावं आणि सही घ्यावी. वाचून दाखवणं ही माझी आपली पद्धत. परळच्या हेडमिस्ट्रेस तर वही घेऊन बसायच्या आणि शंका विचारून माझा जीव काढायच्या. मला त्या फार आवडायच्या.

गिरगावचे हेडमास्तर मला बघितलं की म्हणायचे, "या, चिठ्ठीवाल्या बाई." शिपाई हसायचा. मीही हसायची. मी वाचायला लागले की ते खिडकीबाहेर बघत पान चघळायचे, आणि संपलं की म्हणायचे, "ठीक आहे, ठीक आहे. आमचं सगळं पुस्तक तोंडपाठ आहे, बाई. वीस वर्षं झाली." तोंडपाठ होतं, हे खरंच. पण वीस वर्षांपूर्वीचं. मी महिन्यामहिन्याला त्यांच्यासमोर बसायची, त्यांच्या दौतीतल्या लाल शाईकडे बघायची, आणि गोड बोलायची. इतकं गोड मी भावोजींच्या आईशीही कधी बोलले नाही.

मग ते पत्रक आलं.

दादरच्या कचेरीत मी ते वाचलं. गडबडीच्या दिवसांत वाहनं बंद असल्यामुळे शिक्षक येऊ शकला नाही, तर ती गैरहजेरी यापुढे सेवेत खंड धरू नये. लेखी खुलासा मागवल्याशिवाय खंड लावता येणार नाही. तशा खंडाच्या कारणावरून कुणाला कमी केलं, तर हेडमास्तर स्वतः जबाबदार. 'यापुढे' या शब्दापाशी मी थांबले. म्हणजे ताईला याचा काही उपयोग नाही. हे दोन वर्षांपूर्वी आलं असतं तर! दातओठ खात मी कागद उलटा ठेवला. मागच्या बाजूला पुढची शाई झिरपून आल्यासारखे काळपट ठसे दिसत होते. सायक्लोस्टाइलच्या कागदाचं नेहमीचंच ते. दुसऱ्यांदा बघितलं नाही, कारण डोक्यात तोवर दुसरंच सुरू झालं होतं.

हा माणूस पुन्हा खंड लावणार. संप, हरताळ, मोर्चे थांबलेले नव्हते, आणि लाल शाई त्याच्या हाताशी होती. त्याला जर हे पत्रक कुणी वाचून दाखवलं नाही, तर तो जुन्या पाठांतरावर जाईल आणि स्वतःच्या हातानं खड्ड्यात पडेल. मला खोटं काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

गिरगावला गेले. "या, चिठ्ठीवाल्या बाई." मी मजकूर कापला, खळ लावली, पानावर नीट दाबून बसवला, कडेनं बोट फिरवलं. त्या दिवशी दोन चिठ्ठ्या होत्या. शाळेच्या घंटेच्या वेळांबद्दलची दुसरी चिठ्ठी मी खणखणीत आवाजात, एकेक शब्द सोडवून वाचली. खंडाची वाचली नाही. रजिस्टर पुढं केलं. त्यांनी दोन्हीपुढं झोकात सही केली. जिना उतरताना मी गुणगुणत होते.

बाकीच्या शाळांत मी ते पत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं. हातातला कागद बघायचीही गरज नव्हती. परळच्या हेडमिस्ट्रेसनी विचारलं, "मागं काही आहे का हो?" मी म्हटलं, "नाही बाई, शाई फुटलीय." त्यांनी विश्वास ठेवला, कारण मी त्यांना कधी चुकीचं सांगितलं नव्हतं. खंड लागलेला कुणी त्यांच्याकडे नव्हताच, तेव्हा त्यांचं काही बिघडलं नाही.

पाच महिने वाट बघितली. मग एका हरताळाला ट्राम बंद पडल्या, आणि गिरगावच्या शाळेतला गणिताचा तरुण शिक्षक येऊ शकला नाही. हा डिलाईल रोडच्या चाळीतला, गिरणी कामगाराचा मुलगा. त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध दीक्षा घेतली होती. तेव्हापासून हेडमास्तर त्याला पाण्यात बघायचे. त्यांनी लाल शाई उघडली. खुलासा मागवला नाही. त्याला कमी केल्याचं पत्र संस्थेकडे आलं आणि माझ्याच टेबलावरून पुढं गेलं. एक शब्द बोलले असते तर ते तिथंच थांबलं असतं. मी त्यावर आवक क्रमांक घातला, तारीख टाकली आणि पुढच्या टेबलावर ठेवलं. तो मुलगा महिनाभर कचेरीच्या पायऱ्या चढत होता. मी त्याला पाणी दिलं, आणि शिक्षण खात्याकडे तक्रार कशी करायची त्याचा मसुदा लिहून दिला. तो मला मोठ्या बहिणीसारखा मान द्यायचा. त्याची मला लाज वाटायची, नाही असं नाही. पण लाजेपेक्षा घाई जास्त होती.

इन्स्पेक्टर साहेब चौकशीला आले त्या दिवशी मी रजिस्टर घेऊन गिरगावला हजर होते. साहेब हडकुळे, चष्मेवाले, हळू बोलणारे. त्यांनी विचारलं, "खुलासा का मागवला नाहीत?"

"तसा नियमच नाही, साहेब," हेडमास्तर म्हणाले. "पुस्तक मला तोंडपाठ आहे."

"उघडा बघू."

त्यांनी उघडलं. चिठ्ठी पानावर होती, एकही कड सुटलेली नव्हती. ते वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या बाईंनी मला हे वाचून दाखवलं नाही!"

साहेबांनी रजिस्टर ओढून घेतलं. "ही सही तुमचीच ना? वर काय छापलंय, ते वाचा जरा."

तो क्षण मी आयुष्यभर जपून ठेवला आहे. हेडमास्तरांनी मोठ्यानं वाचलं, "वाचून समजून घेतले," आणि त्यांचा आवाज मध्येच बसला. ताईची अनवाणी पावलं मला आठवली. मला इतकं बरं वाटलं की हसू दाबण्यासाठी पदर तोंडाशी धरावा लागला.

तेवढ्यात साहेबांनी पिशवीतून पत्रकाची स्वतःकडची प्रत काढली, पुढची बाजू वाचली आणि कागद उलटला. "आता हे मागचं. आधी अशाच कारणानं कमी केलेल्या शिक्षकांनी सहा महिन्यांत अर्ज केला, तर त्यांना पूर्वीच्या जागी घ्यावं. मुदत गेल्या आठवड्यात संपली. या शाळेत असं जुनं प्रकरण आहे का कुणाचं?"

मागचं? चिठ्ठीची मागची बाजू खळीनं पानाला चिकटली होती. ती मीच दाबून बसवली होती, कडेनं बोट फिरवून. ज्याला मी फुटलेली शाई समजले, तो पुसट उठलेला मजकूर होता. रोजच्यासारखं ते पत्रक हातात धरून एकदा मोठ्यानं वाचलं असतं, इथं नाही तर परळला, तरी कागद उलटला असता आणि ते दिसलं असतं.

हेडमास्तर म्हणाले, "नाही साहेब, कुणी नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "संस्थेकडे आहे का नोंद? असेल तर सांगा. पत्रक शाळेत पूर्ण पोचलं नव्हतं असं लेखी दिलंत, तर मी वर शिफारस करीन. आठवड्यानं काही अडत नाही."

आता सांगायला सोपं आहे. तेव्हाही सोपंच होतं. एक वाक्य बोलायचं होतं की साहेब, चूक माझी, मागची बाजू मी चिकटवून टाकली, माझी बहीण आहे, तिला परत घ्या. पण पत्रक पूर्ण पोचलं नव्हतं असं माझ्या हातानं कागदावर आलं, की हेडमास्तर सुटणार होते. मला पत्रकच अर्धं मिळालं, असं म्हणून ते हात झटकून मोकळे होणार, आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसून पान चघळत मला म्हणणार, या, चिठ्ठीवाल्या बाई. माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या, ताईचा वर्ग आणि या माणसाची खुर्ची. आणि मला कळलं की तीन वर्षं मी ताईचं नाव घेत होते, पण सूड माझा होता.

मी म्हटलं, "नाही साहेब. नोंद नाही."

साहेब गणिताच्या शिक्षकाला परत घेण्याचा शेरा लिहून गेले. हेडमास्तर व्हरांड्यात कठड्याला धरून उभे होते. मला तिथून निघून जाता आलं असतं. पण इतक्या दिवसांचं मनात साठलेलं वाक्य गिळवत नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "पाचवीला भूगोल शिकवायच्या ना इथं, लालबागहून यायच्या, त्यांची मी धाकटी बहीण."

त्यांना ओळख पटायला थोडा वेळ लागला. पटली तेव्हा मला वाटलं होतं तसे ते चिडले नाहीत. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग आत्ता साहेबांनी विचारलं, तेव्हा बोलला का नाहीत?"

मी रजिस्टर काखेत मारलं आणि जिना उतरले. त्या माणसानं आयुष्यात मला विचारलेला तो एकच सरळ प्रश्न.

त्यांची खुर्ची गेली. संस्थेनं त्यांना उतरवून परळच्या शाळेत साधा शिक्षक केलं, त्या वहीवाल्या हेडमिस्ट्रेसच्या हाताखाली. मी महिन्याला चिठ्ठ्या घेऊन जायची तेव्हा मुद्दाम त्यांच्या वर्गावरून जायची आणि दारात थांबून म्हणायची, "काय मास्तर, बरं आहे ना?" मला त्याचा पश्चात्ताप नाही. आजही नाही. गणिताचा शिक्षक मला पेढे द्यायला आला, तेव्हा मात्र मी उपास आहे असं सांगितलं.

ताईला मी एवढंच सांगितलं की तुला काढलं त्याची जिरली. ती म्हणाली, "बरं झालं का वाईट झालं, मला काय त्याचं? माझा वर्ग तर गेला." भावोजींची आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "तुझो वर्ग परत गावतलो गो, देव असा." ताईनं मान हलवली.

मग मुंबईसकट महाराष्ट्र झाला. लालबागेत गुलाल, ताशे, घराघरांवर तोरणं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कचेरीतून लवकर आले, तर ताई चाळीच्या गॅलरीत फरशीवर बसून खडूनं नव्या राज्याचा नकाशा काढत होती आणि आजूबाजूच्या खोल्यांतली पोरं भोवती जमली होती. वरून सुरुवात करून ती कोकणच्या किनाऱ्यानं खाली येत होती. खडू एकदाही उचलला नाही. पोरं श्वास रोखून बघत होती.

नकाशा पुरा झाल्यावर तिनं हात झटकले आणि मला म्हणाली, "आता नवीन राज्य म्हणजे नियम पण नवीन येतील ना गं? आम्हा काढून टाकलेल्यांसाठी काही आलं, तर तुझ्या टेबलावरूनच जाईल. तू मला सांगशीलच."

मी म्हटलं, "सांगेन ना, ताई."